आगबोटीच्या पहिल्या काळात मुंबईहून विलायतेचा प्रवास कसा ठरवत? (१८३० ते १८७०)

पालवाबंदर (धागाकर्ता)

१८४५ सालच्या मुंबईतून कुणाला विलायतेला जायचं असेल, तर तो जुळवाजुळव कशी करत असेल? जागा कुठे राखून ठेवायची, सामान कसं बांधायचं, वाटेत मुक्काम कुठे, पैसे कसे न्यायचे? आपल्याकडे या विषयावर लिहिताना बहुतेक जण थेट सुएझ कालव्यापासून सुरुवात करतात. कालवा १७ नोव्हेंबर १८६९ ला उघडला. पण मुंबई-सुएझ आगबोट त्याच्या चाळीस वर्षं आधीपासून होती, आणि प्रवास ठरवण्याचं खरं कसब लागायचं ते याच चाळीस वर्षांत. मला या काळाचं फार अप्रूप आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधीचा रस्ता म्हणजे शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला पूर्ण वळसा. चार-पाच महिने सहज, वारा फिरला तर सहा. १८३८ मध्ये वाडिया घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले ते असेच. मार्चअखेरीस मुंबई सोडली, पोचले ऑगस्टमध्ये. त्याच घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी पुढच्याच वर्षी निघाले, पण ते गेले इजिप्तमधून. त्या प्रवासाची त्यांची रोजनिशी पुढे छापूनही आली. एकाच घरातली माणसं, दीडेक वर्षाचं अंतर आणि दोन वेगळ्या युगांतले प्रवास.

इजिप्तच्या वाटेची सुरुवात मुंबईतून झाली, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईच्याच गोदीत बांधली गेली. २० मार्च १८३० ला ती मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुएझला लागली. मुंबई ते एडन साडेसोळाशे सागरी मैलांच्या आसपास. बोटीत कोळशाची जागा होती जेमतेम साडेपाच दिवसांपुरती. मग काय केलं, तर उतारूंच्या खोल्या, दिवाणखाना, जिथे जागा दिसेल तिथे कोळसा भरला. बोट पाण्यात इतकी खाली बसली की बघणाऱ्यांना धडकी भरावी. अकराव्या दिवशी एडन गाठलं तेव्हा आणखी काही तास पुरेल एवढाच कोळसा शिल्लक होता. पुढे १८३९ च्या जानेवारीत ईस्ट इंडिया कंपनीने एडन सरळ जिंकूनच घेतलं. त्यामागे इतर राजकारण होतंच, पण मधे कोळशाचं ठाणं असल्याशिवाय ही वाट चालणार नव्हती हे मोठं कारण. आणि मग एडनचा कारभार जवळजवळ शंभर वर्षं मुंबई सरकारकडे राहिला.

आता प्रवाशाच्या बाजूने बघू.

ही एक सलग सफर नव्हतीच. मुंबई ते सुएझ एक बोट. सुएझ ते कैरो वाळवंट. कैरोहून नाईलमधून आगबोटीने अतफेपर्यंत, तिथून महमूदिया कालव्याने अलेक्झांड्रिया. तिथे दुसरी बोट. भूमध्य समुद्रात पुन्हा दोन फाटे: वेळ हाताशी असेल आणि सामान भरपूर असेल तर माल्टा, जिब्राल्टर करत थेट साउथॅम्प्टन, घाई असेल तर मार्सेयला उतरायचं आणि फ्रान्स ओलांडून जायचं. आरंभी फ्रान्समध्येही सलग आगगाडी नव्हती, घोड्यांच्या टपालगाड्याच. प्रत्येक टप्प्याचा मालक वेगळा, नियम वेगळे, नाणं वेगळं.

हे सगळं बांधलेलं होतं एकाच गोष्टीने: डाक. माझं या विषयावरचं मत विचाराल तर हेच, की त्या काळात माणसं जात होती ती डाकेच्या सोबतीने. मुंबईची बोट कोणत्या तारखेला सुटणार हे लंडनच्या टपालाच्या हिशेबाने ठरायचं. आपलं लग्न, मुंज, बाळंतपण, कचेरीची रजा, सगळं त्या तारखेभोवती बसवायचं. आरंभी महिन्यातून एक डाक. ती चुकली की महिना गेला. त्यात पावसाळा. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा बोटीच्या नाकावर. सुरुवातीच्या कमी ताकदीच्या इंजिनांना तो झेपत नसे, त्यामुळे आधी दक्षिणेला खूप खाली उतरायचं आणि मग पश्चिमेला वळायचं. दिवस वाढत, कोळसा वाढे. म्हणून शहाणा माणूस विलायतेला निघायचा तो थंडीत किंवा होळीच्या आसपास.

मुंबईकरांच्या वाट्याला आणखी एक अडचण होती. पी अँड ओ (पेनिन्सुलर अँड ओरिएंटल) या ब्रिटिश आगबोट कंपनीला सनद मिळाली ती १८४० च्या अखेरीस, आणि १८४२ मध्ये त्यांची 'हिंदोस्तान' कलकत्त्याच्या मार्गासाठी आली. पण ती सोय कलकत्ता, मद्रास आणि सिलोनची. मुंबई-सुएझ मार्ग १८५४ पर्यंत कंपनी सरकारच्या नौदलाने आपल्या हातात ठेवला. म्हणजे मुंबईचा उतारू चढायचा तो नौदलाच्या बोटीवर. ती बोट डाकेसाठी होती. उतारूंच्या खोल्या मोजक्या आणि त्यातल्या बऱ्याच अधिकाऱ्यांनी आधीच अडवलेल्या.

मग सामान्य उतारूने जायचं कुणाकडे? तर एजन्सी हाऊसकडे. ही घरं सगळंच करत: पैसे, सामान, जागा, पत्रं. ग्रिंडलेज बँक आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. तिचा उगम इथेच आहे. कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले हा मुंबईच्या फौजेतला माणूस. १८२८ मध्ये त्याने लंडनमध्ये हिंदुस्थानला जाणाऱ्या-येणाऱ्यांची सोय लावणारी कचेरी काढली, बँक मागाहून झाली.

इजिप्तमधला टप्पा सांभाळला थॉमस वॅगहॉर्नने. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. १८२९ च्या ऑक्टोबरात तो मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यासाठी कागद घेऊन लंडनहून निघाला, ही वाट लवकरची आहे हे सिद्ध करायला. सुएझला आगबोट यायची होती, ती आलीच नाही. तर तो उघड्या होडीतून तांबड्या समुद्रात खाली जेद्दापर्यंत गेला! पुढे त्याने कैरो आणि सुएझला उताराघरं उभी केली, वाळवंटात गाड्या सुरू केल्या. नंतर मोठ्या कंपन्या आणि इजिप्तच्या पाशाचं सरकार यांनी तो धंदा घेतला, आणि १८५० मध्ये वॅगहॉर्न कर्जातच वारला.

सुएझ-कैरो हा ८४ मैलांचा टप्पा म्हणजे या सगळ्या प्रवासाचा गाभा. दोन चाकांच्या बंद गाड्या, एकीत सहा माणसं, पुढे चार घोडे किंवा खेचरं. वाटेत ठरावीक अंतरावर घोडे बदलायची ठाणी, त्यातल्या काहींत जेवणाची आणि आडवं व्हायची सोय. सोळा-अठरा तासांचा हिसक्यांचा प्रवास. घोडे मर्यादित असल्याने सगळ्या गाड्या एकदम सुटत नसत. तुकड्या पाडत, आणि आपली तुकडी कोणती हे फार महत्त्वाचं, कारण मागच्यांना थकलेले घोडे मिळत. बोट आली की ती खबर कैरोला पोचायची ती वाळवंटातल्या मनोऱ्यांवरून, हातवाऱ्यांसारख्या खुणा एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर देत देत.

सामान मात्र उंटांवर. म्हणून पेटीचं माप आणि वजन ठरलेलं: एक पेटी साधारण ८० पौंडांच्या आत, म्हणजे उंटाच्या दोन्ही अंगांना तोलून लावता येईल. नव्या उतारूला एजंट पहिली गोष्ट सांगत असेल तर ही. मोठा संदूक नेला की सुएझलाच अडकला. वाळवंटात लागणारे कपडे वेगळ्या पिशवीत जवळ ठेवायचे, कारण उंट गाडीच्या मागून केव्हातरी पोचणार.

आणि तो सुएझचा कोळसा? तोही बराचसा उंटांच्याच पाठीवरून कैरोकडून यायचा. एडनचा कोळसा तर विलायतेहून शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून येई. आगबोट चालत होती ती शिडांच्या आणि उंटांच्या जिवावर. या एका गोष्टीवर मी कितीही वेळ बोलू शकतो.

परत येणाऱ्यांसाठी वेगळ्या खुब्या आहेत, त्यावर प्रतिसादांत लिहीन. तुमच्याकडे काही असेल तर जरूर द्या.

---

घाटमाथा

फार छान धागा. यात एक टप्पा आधी जोडतो: पुण्याहून मुंबईला पोचणं.

बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, माल्कमसाहेबांच्याच कारकिर्दीत. म्हणजे ज्या वर्षी 'ह्यू लिंडसे' सुएझला गेली त्याच वर्षी. त्यानंतर पुण्याहून निघालेला माणूस खंडाळा, खोपोली करत पनवेलला यायचा आणि पनवेलहून खाडीतून होडीने मुंबई. भरतीची वेळ गाठावी लागे. ती चुकली तर पनवेलला मुक्काम.

मग आगगाडी आली, पण तुकड्यातुकड्यांत. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत पोचले. १८५८ मध्ये वरून पुणे-खंडाळा सुरू झालं. मधला घाट बाकी होता. त्यामुळे १८५८ ते १८६३ अशी पाच वर्षं लोक पुण्याहून गाडीने खंडाळ्याला येत, तिथून पालखी, तट्टू, नाहीतर बैलगाडीने घाट उतरत आणि खोपोलीला दुसरी गाडी पकडत. त्या वेळी पुण्याहून विलायतेला निघालेल्या माणसाचा पहिला खडतर टप्पा आपल्या घाटातलाच होता असं म्हणायला हरकत नाही. घाटातले बोगदे खोदताना हजारो मजूर पटकीने आणि तापाने गेले. त्यांची नावं कुठे नाहीत. घाटातून गाडी जाताना मला दर वेळी त्यांची आठवण होते.

---

पालवाबंदर

घाटमाथा, मोलाची भर. मजुरांबद्दल लिहिलंत हे बरं केलंत.

याला जोडून: इजिप्तमध्येही नेमकी याच वर्षांत अशीच तुकड्यांची आगगाडी होती. अलेक्झांड्रियाहून नाईलच्या काठी कफ्र अल-झय्यातपर्यंत १८५४, कैरोपर्यंत १८५६, सुएझपर्यंत १८५८. इंग्रज इंजिनिअर रॉबर्ट स्टीफनसनच्या देखरेखीखाली. नाईलवर तिथे पूल व्हायचा होता, तोवर डबे तराफ्यावरून पलीकडे नेत. मे १८५८ मध्ये डबा नदीत पडला आणि इजिप्तच्या गादीचा वारस अहमद रिफात बुडाला. वारसा गेला त्याच्या भावाकडे, इस्माईलकडे. त्याच इस्माईलने पुढे कालव्याचं उद्घाटन केलं.

सुएझला गोडं पाणी नव्हतं. आगगाडी सुरू झाल्यावर पाणीसुद्धा गाडीने येई. १८६३ च्या अखेरीस गोड्या पाण्याचा पाट पोचला, तेव्हा कुठे त्या गावाची तहान भागली.

---

नीरजा

जेवणाचं काय करत? घरातून समुद्र ओलांडायला परवानगी मिळणं हीच मोठी गोष्ट, त्यात बोटीवरचं अन्न-पाणी. त्या काळात कुणी मराठी माणूस या वाटेने गेला होता का?

---

पालवाबंदर

नीरजाताई, गेले होते, आणि पहिलं नाव घ्यायचं ते रंगो बापूजींचं.

साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज सप्टेंबर १८३९ मध्ये पदच्युत झाले, त्यांना काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत, म्हणजे चौदाएक वर्षं, तिथे झगडत राहिले. त्यांचा लढा आपण राजकारण म्हणून वाचतो. मी तो डाकेच्या वेळापत्रकावर ठेवून बघितला आणि हादरलो. महाराज काशीत. लंडनचं पत्र इजिप्तमार्गे मुंबईला यायला महिना-सव्वा महिना, तिथून हरकाऱ्यांच्या डाकेने काशी. उत्तर परत त्याच वाटेने. एका प्रश्नाला उत्तर मिळायला तीन-चार महिने. आणि ही डाक कुणाच्या हातात? ज्यांच्याविरुद्ध दाद मागायची त्याच कंपनीच्या. १८४७ मध्ये महाराज वारले, १८४८ मध्ये सातारा खालसा झालं, तरी हा माणूस लंडनमध्ये ठाण मांडून होता. पैसा घरून यायचा तोही याच वाटेने, तुटत तुटत. एवढी चिकाटी कुठून आणली असेल!

जेवणाबद्दल: ज्यांना सोवळं पाळायचं असे ते स्वतःचा स्वयंपाकी, शिधा आणि पाण्याची पिंपं घेऊन निघत. शिडाच्या जहाजावर चूल वेगळी मागून घेता येई, महिनोन् महिने सोबत राहायचं असल्याने कप्तानही ऐकत असे. आगबोटीवर जागा कमी आणि दिवस कमी, त्यामुळे अनेक जण सुका फराळ, फळं आणि दूध यांवर निभावत. परतल्यावर प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहायचाच; त्यावर वेगळा धागा निघेल.

---

दर्यावर्दी

माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. वाड्यातल्या कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या बोटीवरची नोकरी. म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. या धाग्यात आतापर्यंत उतारू आहेत, साहेब आहेत, एजंट आहेत. बोट चालवणारे कुठे आहेत?

पी अँड ओच्या बोटींवर डेकची माणसं पुष्कळशी कोकणी मुसलमान, आमच्याच पट्ट्यातली. वर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग खलाशी, सुकाणूवर सुखाणी. खाली भट्टीशी आगवाले, त्यांत सिदीही होते आणि नंतर पंजाब-सरहद्दीकडचे लोक वाढले. जेवणघर आणि खोल्यांची कामं गोव्याच्या लोकांकडे. तांबड्या समुद्रात उन्हाळ्यात डेकवरसुद्धा जीव घुसमटतो, तिथे भट्टीसमोर फावड्याने कोळसा लोटायचा.

भरती व्हायची ती सारंगामार्फत. सारंग आपल्या गावचा, आपल्या नात्यातला. मुंबईत घाट-सारंग खोली देणार, उसने पैसे देणार आणि नोकरी लागल्यावर पगारातून कापून घेणार. म्हणजे साहेबाला जसा एजंट, तसा खलाशाला घाट-सारंग. साहेब महिनाभर आधी जागा राखून ठेवायचा. आमचा माणूस महिनोन् महिने मुंबईत बोटीची वाट बघत बसायचा, आणि त्या दिवसांचं भाडं अंगावर चढत राहायचं. प्रवासाची आखणी त्यालाही करावी लागतच होती. घरी गणपती नाहीतर ईद, शेताची कापणी, पोरीचं लग्न, सगळं बोटीच्या कराराभोवती.

---

मांडवीकाठ

दर्यावर्दी यांनी गोव्याचा उल्लेख केला म्हणून लिहिते. मुंबईत धोबी तलाव, गिरगाव, माझगाव भागात गोव्यातल्या गावांचे 'कूड' आहेत. एका गावाचा एक कूड. बोटीवरून उतरलेला तारवटी (खलाशी) तिथे पेटी ठेवायचा, अंथरूण टाकायचा, पुढच्या बोटीची वाट बघायचा. गावची प्रार्थना, गावच्या फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) वर्गणी-हिशेब सगळं तिथेच. घाट-सारंगाच्या कर्जापेक्षा ही व्यवस्था कितीतरी माणुसकीची, कारण ती गावकऱ्यांनी वर्गणीने उभी केलेली. घरातले पुरुष वर्षातले महिनोन् महिने असे बाहेर, त्यामुळे गोव्यातल्या घरांचा कारभार बायांनी चालवला, हेही त्याच आगबोटींच्या इतिहासात लिहायला हवं.

---

पालवाबंदर

दर्यावर्दी, मांडवीकाठ, तुमचे दोन्ही प्रतिसाद मूळ लेखात असायला हवेत इतके महत्त्वाचे आहेत. संपादकांनी परवानगी दिली तर वर दुवा देतो.

---

हिशेबनीस

खर्च किती येत असे? आणि पैसे कसे नेत?

---

पालवाबंदर

पहिल्या वर्गाने मुंबई ते इंग्लंड, इजिप्तचा टप्पा धरून, शंभर पौंडांच्या घरात. तेव्हा पौंडाला दहा रुपये धरले तर हजार रुपये. कारकुनाला महिना वीस-तीस रुपये मिळत होते त्या काळात! दुसरा वर्ग असे, पण तो मुख्यतः साहेबांच्या नोकरांसाठी समजला जाई.

पैशांचं म्हणाल तर रोकड कमी, कागद जास्त. एजन्सी हाऊस किंवा बँक लंडनवर बिल (हुंडी) काढून देई. वाटेसाठी सोन्याचे सॉव्हरिन जवळ ठेवत, इजिप्तमध्ये ते बिनबोभाट चालत. हमाल, गाढववाले, होडीवाले यांच्यासाठी चिल्लर कैरोत मोडून घ्यायची. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये बक्षिशीवर पानंच्या पानं आहेत.

आणि एक न दिसणारा खर्च: क्वारंटाइन. इजिप्तमध्ये प्लेग असला की पुढे माल्टाच्या लाझारेत्तोमध्ये (रोगाच्या संशयितांना वेगळं ठेवायच्या जागेत) डांबून ठेवत, कधी दोन-तीन आठवडे. खोलीचं आणि जेवणाचं बिल उतारूनेच भरायचं. महिनाभराचा प्रवास वेळेत करून तिथे तीन आठवडे बसून काढायचे, ही कल्पनाच करवत नाही.

---

वाफेचं_इंजिन

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं. तुम्ही कालव्याचं महत्त्व फार कमी करताय. १८६९ नंतरच इजिप्तच्या वाटेने सामान न उतरवता, बोट न बदलता मुंबई ते लंडन जाता येऊ लागलं. बाकी सगळी धडपड त्या एका खोदकामाने निकालात काढली.

शिवाय इंजिनांबद्दल काहीच लिहिलं नाहीत. १८६० च्या दशकात दोन टप्प्यांत वाफ वापरणारं संयुक्त इंजिन आलं. १८६६ मध्ये अल्फ्रेड होल्टच्या लिव्हरपूलच्या बोटी त्यावर थेट केपमार्गे चीनकडे जाऊ लागल्या. कोळसा इतका कमी लागू लागला की मालासाठी जागा उरली. हे झालं नसतं तर कालवा असूनही मालाची आगबोट परवडली नसती.

---

पालवाबंदर

इंजिनांबद्दल पूर्ण सहमत. कालव्याबद्दल मात्र मी माझ्या मताला धरून आहे, आणि कारण पुन्हा डाकच.

कालवा उघडल्यावरही ब्रिटिश टपालखात्याने डाक कालव्यातून नेऊ दिली नाही. डाक अलेक्झांड्रियाला उतरायची, आगगाडीने सुएझला यायची आणि तिथे पुन्हा बोटीवर चढायची. आगगाडी वेगाची आणि खात्रीची, कालव्यात बोट अडकली तर काय, हा त्यांचा मुद्दा. कित्येक वर्षं डाक उतरवलेली बोट कालव्यातून आणि डाक गाडीतून असा प्रकार चालला. १८८८ मध्ये कुठे डाक सगळी कालव्यातून जायला लागली. पी अँड ओला तर कालव्याचा आरंभी फटकाच बसला. त्यांची जहाजं, कैरो-सुएझची ठाणी, गोदामं सगळी जुन्या व्यवस्थेसाठी उभी केलेली.

मुंबईपुरतं बोलायचं तर माझ्या दृष्टीने जास्त मोठ्या दोन तारखा आहेत. १८६८: विलायतेची डाक दर आठवड्याला मुंबईत येऊ लागली. आणि ८ मार्च १८७०: जबलपूरजवळ रूळ जुळले आणि मुंबई-कलकत्ता आगगाडी सलग झाली. त्या दिवशी कलकत्त्याच्या माणसाला सिलोनला वळसा घालायची गरज उरली नाही. त्याने गाडीत बसायचं, मुंबईला यायचं आणि बोट धरायची. तिकडे १८७१ मध्ये आल्प्समधला माँ सनीचा बोगदा उघडला आणि इटलीच्या टोकाला ब्रिंदिसीपर्यंत गाडी थेट जाऊ लागली. म्हणजे कलकत्ता-मुंबई गाडी, मुंबई-सुएझ बोट, इजिप्तची गाडी, ब्रिंदिसीची बोट, मग युरोपची गाडी. प्रवास तीन-साडेतीन आठवड्यांवर आला तो या साखळीमुळे. कालवा हा तिच्यातला एक दुवा.

---

वाफेचं_इंजिन

१८८८ चा मुद्दा जोरदार आहे, मानलं. तरी मालाच्या बाजूने माझं मत कायम! माणसं आणि पत्रं सोडली तर कापूस, गहू, कापड यांचा हिशेब कालव्यानेच बदलला.

---

पालवाबंदर

मालाबद्दल वाद नाही. मुंबईच्या कापसाचा विषय निघाला तर हा धागा चौपट होईल.

---

डोंगरीकर

विलायतेच्या वाटेवर सगळे बोलताहेत. पण मुंबईहून तांबड्या समुद्रात जाणाऱ्यांत सर्वांत मोठी संख्या कुणाची, तर हाजींची. दरवर्षी हजारो माणसं, हिंदुस्थानभरातून आणि मध्य आशियातूनही मुंबईत येत. आगगाडीचं जाळं पसरलं तशी ही गर्दी वाढली. त्यांच्यासाठी ना आगाऊ जागा, ना ठरलेली तारीख. मुसाफिरखान्यांत, मशिदींच्या आवारात, नाहीतर रस्त्यावर दिवस काढायचे. दलाल भेटायचा, तिकीट विकायचा, बोट भरेपर्यंत सुटायची नाही. डेकवर जेमतेम आडवं होण्यापुरती जागा, शिधा-पाणी आपापलं. परतीचे पैसे अनेकांकडे नसत.

ओरड इतकी झाली की १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने थॉमस कुकच्या कंपनीला हाजींच्या प्रवासाचं काम दिलं. ठरलेलं भाडं, आगगाडी आणि बोट जोडून तिकीट, परतीची हमी अशी कल्पना. ज्या कंपनीने १८७२-७३ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेची २२२ दिवसांची सहल काढली, तिलाही हे काम पेललं नाही. काही वर्षांत त्यांनी ते सोडलं. दलालांची आणि बोटमालकांची साखळी फार जुनी आणि फार पक्की होती. कुकची मोठी सहल कुणाला माहीत नाही असं नाही, पण मुंबईतल्या या फसलेल्या व्यवस्थेबद्दल आपण बोलायला हवं. गरीब माणसाचा लांबचा प्रवास नीट बसवणं हे श्रीमंताच्या प्रवासापेक्षा किती अवघड असतं, ते इथे दिसतं.

---

नीरजा

डोंगरीकर, हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. धन्यवाद.

थोडी पुढची गोष्ट, पण सांगते. १८८३ मध्ये दोन मराठी स्त्रिया जवळपास एकाच वेळी समुद्रावर होत्या. आनंदीबाई जोशी ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला उतरल्या. अठरा वर्षांच्या. नवरा सोबत नाही, सोबत मिशनरी बाया. त्यांचे पती गोपाळराव टपालखात्यात होते, बंगालमधल्या श्रीरामपूरला. इथे डाकेबद्दल वाचताना ते सारखं डोळ्यांसमोर येत होतं. डाक कोणत्या बोटीने जाते, किती दिवसांत पोचते, हे त्या घराला पक्कं ठाऊक असणार.

आणि त्याच एप्रिलमध्ये पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या, लहानग्या मनोरमेला घेऊन. त्या प्रवासाबद्दल त्यांनी मराठीत सविस्तर पत्र लिहिलं, ते त्याच वर्षी छापलं गेलं. मूल बरोबर असताना बोटीवर काय लागतं, कुठे काय दिसलं, हे आपल्या भाषेत एका बाईने लिहिलेलं आहे. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानाला रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या. दोन समुद्रांच्या वाटा तिथे भेटल्या.

---

पालवाबंदर

नीरजाताई, तुमच्या प्रतिसादाने फार बरं वाटलं. रमाबाईंचं ते पत्र प्रत्येकाने वाचावं.

---

घाटमाथा

एक शेवटची शंका. माणूस सुखरूप पोचला हे घरी कळायचं कधी?

---

पालवाबंदर

१८७० च्या आधी बहुतेक पत्रानेच. १८६५ पासून इराणच्या आखातामार्गे तार होती, पण ती महाग आणि बेभरवशाची. लंडनला पोचल्या दिवशी पत्र टाकलं तरी ते पुढच्या डाकेची वाट बघणार, मग तितकेच दिवस परत. निघाल्यापासून खुशाली कळेपर्यंत अडीच-तीन महिने धरा. म्हणून वाटेतून पत्रं टाकायची पद्धत होती: एडनहून एक, सुएझहून एक, माल्टाहून एक. समोरून येणाऱ्या बोटीवर ती चढत. मार्सेयमार्गे पाठवलं तर लवकर पोचे पण टपाल महाग, साउथॅम्प्टनमार्गे स्वस्त पण उशिरा. म्हणून पाकिटावर कोणत्या मार्गाने ते ठळक लिहीत. तशी पाकिटं जुन्या तिकिटांच्या संग्राहकांकडे अजून बघायला मिळतात.

१८७० मध्ये मुंबई-एडन-सुएझ अशी समुद्राखालची तार पडली. त्यानंतर भरवशाने तार करता येऊ लागली, पण दर शब्दागणिक आणि फार चढा. बहुतेक घरांत पुढची बरीच वर्षं एडनच्या पत्राचीच वाट बघितली गेली. कुणाच्या घरी असं एडनहून आलेलं जुनं मराठी पत्र असेल तर पाकिटावरचे शिक्के कोणत्या गावांचे आणि कोणत्या तारखांचे आहेत ते इथे जरूर लिहा. घरच्यांची नावं लिहू नका. शिक्क्यांवरून ते कोणत्या डाकेने आलं हे शोधता येतं, मी मदत करीन.